वाक्य कोणाचे?

(अहिल्यानगर येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ही माला इंग्रजीच्या एका शिक्षकांच्या स्मरणार्थ चालते, म्हणून विषयही त्यांच्या फळ्यावरचाच घेतला आहे: ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह व्हॉइस. दहावीची मुले या प्रकरणाला बिचकतात, परीक्षेपुरते पाठ करतात, आणि पेपर झाला की विसरतात. मला हे प्रकरण फार मोलाचे वाटते. ते नीट कळले तर इंग्रजी वाचण्यातली एक मोठी अडचण दूर होते आणि स्वतःचे मराठी वाक्यही तपासून पाहता येते. व्याख्यानाच्या शेवटी मी सरकारी नोटिशीकडे वळणार आहे. तिथेही हेच व्याकरण कामाला येते.

सुरुवात वर्गातल्या एका गोंधळापासून करू. आपल्याकडे कोणत्याही मुलाला विचारा, ॲक्टिव्ह म्हणजे काय? तो म्हणतो, कर्तरी प्रयोग. पॅसिव्ह म्हणजे? कर्मणी. ही जोडी गाईडांत छापलेली असते, क्लासमध्ये सांगितली जाते, आणि ती चुकीची आहे. मराठीच्या तासाला मुलगा 'रामाने आंबा खाल्ला' हे वाक्य शिकतो. बाई सांगतात, हा कर्मणी प्रयोग. पुढच्या तासाला इंग्रजीचे सर त्याच वाक्याचे भाषांतर करून घेतात: 'राम एट अ मँगो'. सर सांगतात, हा ॲक्टिव्ह व्हॉइस. दोघेही बरोबर आहेत. पण कर्मणी म्हणजे पॅसिव्ह असे ज्याने घोकले आहे, त्या मुलाने काय करायचे? काही मुले खरोखरच 'रामाने आंबा खाल्ला'चे इंग्रजी 'द मँगो वॉज ईटन बाय राम' असे करतात. चूक मुलाची नाही. दोन वेगळ्या गोष्टी एकच आहेत असे आपणच त्याला सांगितले.

प्रयोग आणि व्हॉइस हे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. मराठी प्रयोग विचारतो: क्रियापद कोणाच्या लिंग-वचन-पुरुषाप्रमाणे बदलते? 'रामाने आंबा खाल्ला, भाकरी खाल्ली, केळं खाल्लं, आंबे खाल्ले.' राम जागचा हलत नाही, खाण्याच्या वस्तूप्रमाणे क्रियापद फिरते, म्हणून कर्मणी. 'रामाने रावणाला मारले' यात क्रियापद रामाचेही ऐकत नाही आणि रावणाचेही नाही, ते आपले नपुंसकलिंगी एकवचनात उभे राहते, म्हणून भावे. इंग्रजी व्हॉइसचा प्रश्न निराळा आहे. वाक्याच्या पहिल्या, मानाच्या जागी कोणाला बसवले आहे, करणाऱ्याला की ज्याच्यावर क्रिया झाली त्याला? इंग्रजी क्रियापदाला लिंग नसल्यामुळे पहिला प्रश्न इंग्रजीत जवळजवळ उद्भवतच नाही.

'रामाने' हाच मराठी वाक्यात खरा कर्ता आहे, याची साधी परीक्षा आहे. 'हात धुऊन रामाने आंबा खाल्ला.' हात कोणी धुतले? रामाने. 'रामाने आपली भाकरी खाल्ली.' आपली म्हणजे कोणाची? रामाची. क्रियापद भाकरीशी जुळले तरी वाक्याची सूत्रे रामाच्याच हातात आहेत. बोलणाऱ्याच्या मनात इथे पॅसिव्हचा भाव मुळीच नाही.

मग क्रियापद कर्माशी का जुळते? याचे उत्तर इतिहासात आहे. संस्कृतात भूतकाळ सांगायला 'रामेण फलं खादितम्' अशी रचना रूढ होत गेली, आणि ती मूळची खरोखरच कर्मवाच्य होती: रामाकडून फळ खाल्ले गेलेले. प्राकृतांतून येताना या धातुसाधिताला आणखी एक प्रत्यय लागला, आणि आपला 'ला-ली-ले' तयार झाला. अर्थ पूर्ण सकर्तृक झाला, पण जुळणी मात्र जुनीच राहिली. म्हणून हा प्रकार मुख्यतः 'ला-ली-ले'च्या भूतकाळात दिसतो. 'राम आंबा खातो, राम आंबा खाईल' इथे क्रियापद रामाचेच ऐकते. हिंदीतही 'राम ने आम खाया' असेच चालते. भाषाशास्त्रज्ञ या रचनेला एर्गेटिव्ह म्हणतात, आणि दूर युरोपातल्या बास्क भाषेतही तिचे एक रूप आहे.

या इतिहासाची एक खूण आपल्या जिल्ह्याच्या बोलीत जिवंत आहे. पाथर्डी-जामखेडकडच्या खेड्यातला मुलगा म्हणतो, 'म्या भाकर खाल्ली.' आपण लगेच सांगतो, म्या नाही, मी म्हण. पण जुन्या मराठीत 'म्यां' हे 'मी'चे तृतीयेचे रूप आहे. रामाला जसा 'ने' लागतो, तशी 'मी'ची ती स्वतःची तृतीया आहे. प्रमाण मराठीने ती टाकली आणि 'मी' उघडा ठेवला, तरी क्रियापद आजही भाकरीचेच ऐकते. त्या मुलाच्या तोंडी भाषेचा सातशे वर्षांचा पुरावा आहे. त्याला प्रमाणभाषा जरूर शिकवा, पण त्याची बोली अशुद्ध आहे असे कृपा करून सांगू नका. आणखी एक नमुना पाहा. 'तू भाकरी खाल्लीस.' 'ली' भाकरीसाठी आणि 'स' तुझ्यासाठी. एकाच क्रियापदात कर्म आणि कर्ता दोघांचीही नोंद आहे. आपल्या व्याकरणकारांनी याला कर्तृकर्मसंकर म्हटले. आणि 'तो धडा शिकला, ती पाणी प्याली, तो नाव विसरला' या वाक्यांत सकर्मक क्रियापदे असूनही ती कर्त्याचेच ऐकतात. इतकी समृद्ध व्यवस्था ज्या भाषेत आहे, तिला इंग्रजीच्या दोन कप्प्यांत कोंबायचा आग्रह धरू नये.

हा आग्रह जुना आहे, आणि त्याचे कारणही समजून घ्यायला हवे. मराठीचे छापील व्याकरण प्रथम परक्यांनी, परक्यांसाठी लिहिले. विल्यम कॅरीचे व्याकरण 1805 साली श्रीरामपूरला निघाले. बंगालमधले श्रीरामपूर, आपले नव्हे. मराठी माणसाने लिहिलेले दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण 1836 चे. इंग्रजी शाळांचा तो काळ. आपल्या या नगरात अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 मध्ये सुरू झाले, 'ज्ञानोदय' इथूनच 1842 साली निघाला, आणि सिंथिया फॅरारबाईंच्या मुलींच्या शाळा इथे चालल्या. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते याच फॅरारबाईंकडे. इंग्रजी व्याकरण आणि मराठी व्याकरण एकाच फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले जाऊ लागले, तेव्हा एकाचे नाव दुसऱ्याला देण्याची सोय सहज सुचली असणार. मोरो केशव दामले यांनी 1911 च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त प्रयोगविचाराला मोठी जागा दिली, कारण हा विषय एका ओळीत मिटत नाही हे त्यांनी ओळखले होते. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत आज जे पुराण कर्मणी, शक्य कर्मणी, समापन कर्मणी, नवीन कर्मणी असे प्रकार पाठ केले जातात, ते याच परंपरेतून आले. मुले ते पाठ करतात, पण त्यातला 'पुराण कर्मणी' म्हणजे आपल्याच जिल्ह्याचा ठेवा आहे हे त्यांना कोणी सांगत नाही.

शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशात प्रवरेकाठी ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्या काळच्या मराठीत कर्मणीचे स्वतंत्र, एकशब्दी रूप होते, तोच हा पुराण कर्मणी: कीजे, बोलिजे, म्हणिजे. म्हणजे केले जाते, बोलले जाते, म्हटले जाते. इंग्रजीला ज्यासाठी दोन शब्द लागतात ते मराठी एका प्रत्ययात करत होती. ही रूपे पुढे झिजली, पण दोन उरली आणि ती आपण दिवसातून शंभरदा वापरतो. 'म्हणजे' हे त्या 'म्हणिजे'चेच रूप. आणि 'पाहिजे' हे 'पाहणे'चे जुने कर्मणी: पाहिले जाते, शोधले जाते, म्हणून हवे असते. 'मला पाणी पाहिजे' यात पाणी कर्ता का वाटते आणि मी 'मला' का होतो, याचे उत्तर त्या जुन्या रूपात आहे.

आता इंग्रजीकडे येऊ. इंग्रजीला पॅसिव्हची इतकी गरज का पडते? माझ्या मते हा या प्रकरणाचा गाभा आहे, आणि नेमका तोच शिकवायचा राहून जातो.

आपल्या नगरच्या किल्ल्याचे उदाहरण घ्या. 1595-96 मध्ये मोगलांनी वेढा घातला तेव्हा चांदबिबीने हा किल्ला लढवला. इंग्रजीत: 'चांदबिबी डिफेंडेड द फोर्ट.' तुम्ही चांदबिबीचे चरित्र लिहीत असाल तर हेच वाक्य योग्य. ती सुलतानाची मुलगी, विजापूरची राणी, मग नगरची रक्षणकर्ती. प्रत्येक वाक्याच्या पहिल्या जागी ती आहे. पण तुम्ही किल्ल्याचा इतिहास लिहीत असाल तर? मग पहिल्या जागी किल्ला हवा. अहमद निजामशहाने तो उभारला, हुसेन निजामशहाच्या काळात तो दगडी झाला, चांदबिबीने लढवला, 1600 मध्ये मोगलांनी घेतला, 1803 च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीने शिंद्यांकडून जिंकला, 1942 च्या ऑगस्टमध्ये नेहरू, पटेल, आझाद यांना तिथे ठेवले. माणसे बदलत गेली, किल्ला तोच. इंग्रजी लेखक हे असे लिहील: 'द फोर्ट वॉज डिफेंडेड बाय चांदबिबी, वॉज टेकन बाय द मुघल्स इन 1600, अँड वॉज कॅप्चर्ड बाय वेलस्ली इन 1803.' किल्ल्याला पहिल्या जागेवर टिकवून ठेवायचे तर त्याला पॅसिव्ह वापरावाच लागतो. कारण इंग्रजीत नामाला कर्ता-कर्म दाखवणारी विभक्ती नाही. कोण करणारा आणि कोणावर क्रिया, हे फक्त जागेवरून कळते. 'द फोर्ट डिफेंडेड चांदबिबी' असे नुसते शब्द उलटे केले तर किल्लाच चांदबिबीचे रक्षण करू लागतो.

मराठीत बघा. 'हा किल्ला चांदबिबीने लढवला. 1600 मध्ये मोगलांनी घेतला. 1803 मध्ये वेलस्लीने जिंकला.' किल्ला पहिल्या जागी आला, आणि कुठेही 'कडून' नाही की 'गेला' नाही. 'ने' आणि 'नी' करणाऱ्याचा पत्ता सांभाळत असल्यामुळे शब्द हवा तिथे हलवता येतो. इंग्रजी जे काम पॅसिव्हकडून करून घेते, त्यातले बरेचसे मराठी नुसत्या शब्दक्रमाने करते. म्हणून इंग्रजी पॅसिव्हचे उत्तम मराठी भाषांतर अनेकदा साधे, सकर्तृक वाक्यच असते, फक्त शब्दांचा क्रम बदललेला. 'हा किल्ला चांदबिबीकडून लढवला गेला' हे वाक्य व्याकरणात बसेल, पण मराठी कानाला ते खडीसारखे बोचते. 'जाणे' लावून होणारा कर्मणी मराठीला वर्ज्य नाही. 'इथे ऊस गाळला जातो', 'असे मानले जाते' ही अस्सल वाक्ये आहेत. त्यांत करणारा सांगायचाच नसतो. ज्या वाक्यात करणारा सांगायचा आहे तिथे 'कडून' आणून वाक्य जड करण्याची सवय मात्र आपल्याला इंग्रजीच्या सावलीने लावली, असे मला वाटते.

मुलांना इंग्रजीतली आणखी एक गंमत आवर्जून दाखवा. 'टीचर गेव्ह हर अ प्राइझ.' याचे दोन पॅसिव्ह होतात: 'अ प्राइझ वॉज गिव्हन टू हर' आणि 'शी वॉज गिव्हन अ प्राइझ'. दुसऱ्या वाक्यात घेणारी मुलगी थेट कर्त्याच्या जागी जाऊन बसली. मराठीत 'ती बक्षीस दिली गेली' असे म्हणून पाहा, अर्थाचा अनर्थ होतो. मराठी तिला 'तिला' म्हणूनच पुढे आणते: 'तिला बक्षीस मिळाले.' क्रियापदच बदलून टाकले! असे दोन-चार फरक मुलांनी स्वतः शोधले तर त्यांना दोन्ही भाषांची चव कळेल.

आता परीक्षेबद्दल. आपल्या वर्गांतले सूत्र सर्वांना पाठ आहे: ऑब्जेक्ट पुढे घ्या, टू बी चे रूप, व्ही-थ्री, मग बाय आणि सब्जेक्ट. रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाच्या पुस्तकाने अशी रूपांतरे अनेक पिढ्यांकडून करून घेतली. यातले रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते आणि कादंबरीकारही होते. पुस्तक चांगले आहे, त्यातली शिस्त चांगली आहे. आपण मात्र त्यातला सराव उचलला आणि हेतू मागे ठेवला. नुसत्या सूत्राने शिकलेला मुलगा 'आय हॅव अ बुक'चे 'अ बुक इज हॅड बाय मी' करतो. 'ही वेंट टू राहुरी' याचा पॅसिव्ह होत नाही, कारण त्यात कर्म नाही, हे त्याला कोणी कारणासह सांगितलेले नसते.

आणि 'बाय'चे काय? रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे इंग्रजीचे मोठे व्याकरण 1985 मध्ये आले. त्यात नोंद आहे की इंग्रजीत दर पाच पॅसिव्ह वाक्यांपैकी साधारण चारांत करणाऱ्याचा उल्लेखच नसतो. आपल्या सरावात मात्र पाचांतल्या पाचांत 'बाय' असतो. म्हणजे इंग्रजी माणूस जो पॅसिव्ह सर्वांत जास्त वापरतो, तो आपण शिकवतच नाही, आणि जो तो क्वचित वापरतो त्याचा सराव वर्षभर करून घेतो. 'भंडारदरा डॅम वॉज कंप्लीटेड इन 1926.' इथे करणारा सांगण्याची गरज नाही, वाचकाला धरण आणि साल हवे आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठात कोणताही प्रयोग-अहवाल उघडा: बियाणे पेरले गेले, माती तपासली गेली, पाणी दिले गेले. करणारा मुद्दाम वगळलेला असतो, कारण शास्त्राची अपेक्षाच ही की दुसऱ्या कोणीही तीच कृती केली तरी तेच फळ मिळावे. हा पॅसिव्ह सज्जन आहे, उपयोगी आहे. जॉर्ज ऑर्वेल यांनी 1946 मध्ये राजकारण आणि इंग्रजी भाषा यांवर लिहिताना पॅसिव्ह शक्य तिथे टाळा असा नियम घातला आणि तो जगभर गाजला. पण त्याच निबंधात स्वतः ऑर्वेल यांनी पॅसिव्ह भरपूर वापरला आहे. तो इंग्रजीच्या रक्तात आहे. टाळायचा तो पॅसिव्ह वेगळा, आणि तो ओळखायला शिकवणे हे शिक्षकाचे खरे काम.

तो कोणता? जिथे वाचकाला करणारा जाणून घ्यायचा असतो आणि लिहिणाऱ्याला तो लपवायचा असतो, तो. 1987 साली इराण-कॉन्ट्रा प्रकरणावर बोलताना अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी संसदेसमोर गंभीर चुका झाल्याचे सांगितले ते पॅसिव्हमध्ये: चुका केल्या गेल्या. कोणी केल्या, हे त्या वाक्यात नव्हते. लोकांना नेमके तेच हवे होते.

आपल्याकडे हे काम एका वेगळ्याच मराठी रचनेने उचलले आहे: 'करण्यात येत आहे'. 'कळविण्यात येते की', 'आदेश देण्यात येत आहेत', 'कार्यवाही करण्यात येईल'. मराठी राजभाषा झाली 1964 च्या अधिनियमाने, आणि इंग्रजी मसुद्यांवरून मराठी मसुदे होऊ लागले तेव्हा 'इट इज हिअरबाय नोटिफाइड' याला 'याद्वारे अधिसूचित करण्यात येत आहे' हे रूप मिळाले. शिवकाळातली राज्यकारभाराची मराठी मात्र अशी नव्हती. शिवकालीन पत्र उघडताच 'अजरख्तखाने राजश्री शिवाजीराजे' असे येते. हुकूम कोणाच्या दरबारातून निघाला, हे पहिल्याच शब्दात सांगितलेले असते.

आजची एक नोटीस पाहू. मी कोणत्याही एका कार्यालयाची सांगत नाही, हा मजकूर तुम्ही सर्वांनी वाचलेला आहे: 'सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, तांत्रिक कारणास्तव उद्या पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार आहे. तरी नागरिकांनी पाणी काटकसरीने वापरून सहकार्य करावे.' ही दोन वाक्ये वर्गात फळ्यावर लिहा आणि मुलांना कर्ता शोधायला सांगा. कळवणारा कोण? नाही. पाणी बंद ठेवणारा कोण? नाही. संपूर्ण नोटिशीत कर्ता एकच सापडतो: 'नागरिकांनी'. निर्णय घेणारा वाक्यात नाही, पाळणारा आहे. व्याकरणाच्या एका तासात मुलाला एवढे दिसले, तर नागरिकशास्त्राच्या एका प्रकरणाइतके काम झाले असे मी मानतो. लिहिणारा कारकून यात दोषी नाही. त्याला नमुना तसाच मिळालेला असतो, आणि साहेबाच्या सहीखाली 'मी' लिहिण्याची त्याला परवानगी नसते. पण 'मी' नको असेल तर पद लिहिता येते. 'पाणीपुरवठा विभागाचे उपअभियंता उद्या सकाळी सहा ते बारा जलवाहिनीची दुरुस्ती करणार आहेत. त्या वेळेत पाणी येणार नाही.' वाक्य लहान झाले, वेळ कळली, कारण कळले, आणि अडचण आली तर कोणाला विचारायचे तेही कळले.

हरवलेला कर्ता परत आणण्याची धडपड या जिल्ह्याने एकदा कायद्याच्या पातळीवर केलेली आहे. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांनी माहितीच्या अधिकारासाठी आंदोलने केली. महाराष्ट्राचा कायदा 2002 चा, आणि देशाचा 2005 चा. त्या केंद्रीय कायद्याची बांधणी व्याकरणाच्या नजरेने वाचा. माहिती नाकारली तर कारण द्यायचे, आणि अपील कोणाकडे करायचे त्या अधिकाऱ्याचा तपशीलही कळवायचा. विनाकारण उशीर केला तर दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड, आणि तो कार्यालयाला नाही, माहिती अधिकाऱ्याला वैयक्तिक. 'माहिती देण्यात आली नाही' या वाक्याला कायदा विचारतो: कोणी दिली नाही? मोघम कर्मणीला सकर्तृक करून घेणारा हा कायदा आहे. माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला शिकणाऱ्या मुलाने प्रत्येक प्रश्नात 'कोणत्या पदावरील अधिकाऱ्याने' हे शब्द घालायला शिकावे. तो त्याचा ॲक्टिव्ह व्हॉइसचा खरा स्वाध्याय ठरेल.

इथे एक गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो. करणारा नेहमीच सांगायला हवा, असा माझा आग्रह नाही. नगरच्या रस्त्याला लागून पहाट झाली की आपण म्हणतो, 'नगरला पोचता पोचता उजाडलं.' 'उजाडलं' या वाक्याला कर्ताच नाही आणि त्याची कोणाला उणीव भासत नाही. 'आता मला चालवत नाही' म्हणणारी आजी आपल्या थकव्यावर हुकूम चालवत नाही, थकवा तिच्यावर आला आहे, हे मराठीने किती नाजूकपणे सांगितले! 'आय कॅनॉट वॉक' मध्ये ते नाही. भाषेने कर्ता मागे ठेवण्याच्या या सुंदर जागा निर्माण केल्या आहेत, त्या जपायच्या आहेत. 'नेहरूंना 9 ऑगस्ट 1942 ला अटक झाली' यातही कोणी अटक केली हे सांगण्याची गरज नाही, सगळ्यांना माहीत आहे. याच किल्ल्यात 1944 च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. इंग्रजी शिकणाऱ्या नगरच्या मुलाने त्यातले एक पान घ्यावे आणि प्रत्येक वाक्याच्या पहिल्या जागी कोण बसले आहे याची यादी करावी. कुठे भारत, कुठे काळ, कुठे स्वतः लेखक. व्हॉइस का बदलतो, हे त्या एका पानावर दिसेल.

म्हणून माझी पहिली विनंती प्रश्नपत्रिका काढणाऱ्या शिक्षकांना आहे. सुट्या एका वाक्याचा व्हॉइस बदलायला सांगू नका. चार-पाच ओळींचा उतारा द्या, एकदा किल्ल्याबद्दल आणि एकदा चांदबिबीबद्दल, आणि विचारा की या उताऱ्यात कोणते वाक्य शोभते आणि का. 'बाय' लावणे कुठे अनावश्यक आहे हे विचारा. कर्तरी म्हणजे ॲक्टिव्ह ही ओळ वहीत असेल तर ती मुलांना खोडायला लावा. दुसरी विनंती या सभागृहात बसलेल्या, ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत काम करणाऱ्या मंडळींना. पुढची नोटीस लिहाल तेव्हा 'करण्यात येणार आहे' याच्या आधी ते काम करणाऱ्याचे पदनाम लिहा. त्यासाठी शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.